शेंगदाणे की बदाम? रोजच्या खाण्यासाठी काय घ्यावं

'प्रोटीन कमी पडतंय, बदाम खा' हा सल्ला सर्रास दिला जातो. पण १०० ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यांत साधारण २६ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढ्याच बदामांत २१ ग्रॅम. उष्मांक दोन्हींत जवळपास सारखेच, ५७० ते ५८० किलोकॅलरी. स्निग्धांशही सारखाच, ५० ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे प्रथिनं हाच निकष असेल, तर शेंगदाणे घ्या आणि निर्धास्त राहा.

शेंगदाणा मुळात शेंगवर्गीय, म्हणजे हरभरा-वाटाण्याच्या कुळातला. फुलाचं फलन झालं की त्यातून देठासारखी आरी सुटते, ती वाकून जमिनीत शिरते आणि शेंग मातीत भरते. बदाम म्हणजे पीचच्या भावकीतल्या झाडाच्या फळातलं बी. हा फरक पोषणातही दिसतो. लायसीन या आवश्यक अमिनो आम्लाची धान्यांत उणीव असते. ते शेंगदाण्यात बदामापेक्षा जास्त आहे. फोलेट म्हणजे ब-९ जीवनसत्त्व तर पाचपट, १०० ग्रॅममागे सुमारे २४० मायक्रोग्रॅम. नायसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्वही तिपटीहून अधिक.

बदामाची बाजू मात्र लंगडी मुळीच नाही. त्याचं खरं बळ ई जीवनसत्त्वात आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम, शेंगदाण्याच्या तिप्पट. ३० ग्रॅम, म्हणजे साधारण पंचवीस बदाम खाल्ले तर प्रौढ माणसाची दिवसाची निम्मी गरज भागते. तंतू साडेबारा ग्रॅम, शेंगदाण्यात साडेआठ. मॅग्नेशियम जास्त, संपृक्त चरबी कमी. कॅल्शियम जवळपास तिप्पट आहे हे खरं, पण त्यावर फार विसंबू नये. ३० ग्रॅम बदामांतून ८० मिलिग्रॅम मिळतं आणि एका लहान पेला दुधातून त्याच्या तिप्पट. आणि चार-पाच बदामांतून तर प्रथिनं जेमतेम एक-सव्वा ग्रॅम मिळतात. तेवढे बदाम आवडीने खावेत, पण पोषणाची बाजू सांभाळली असं समजू नये. ओमेगा-३ साठी दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी अक्रोड किंवा जवस.

वजनाकडे लक्ष असलेल्यांनी एक गोष्ट जरूर ध्यानात घ्यावी. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्षात सुमारे १२९ किलोकॅलरी मिळतात, हिशेबाने येणाऱ्या १७० नव्हे. कितीही चावला तरी बदामाच्या सगळ्या पेशी फुटत नाहीत आणि आतली चरबी न पचताच बाहेर पडते. बदाम वाटून त्याचं बटर केलं की ही सवलत संपते. शेंगदाण्याचंही थोडंफार असंच आहे. म्हणून मधल्या वेळी भूक लागली तर अख्खे दाणे चावून खा, चमच्याने बटर नको.

बदाम भिजवावेत का? दातांना सोपे जातात म्हणून जरूर भिजवा. पोषण त्याने वाढत नाही. साल मात्र फेकू नका, तंतू आणि अँटिऑक्सिडंटचा बराचसा वाटा तिच्यातच असतो.

स्वयंपाकात मला शेंगदाणा कितीतरी जास्त कामाचा वाटतो. मंद आचेवर भाजून, साल चोळून काढून त्याचं कूट करून ठेवलं की रस्सा दाट करायला, सॅलडवर भुरभुरायला, सॉसला अंग द्यायला हाताशी असतं. घरी बटर करणंही सोपं. मिक्सरमध्ये आधी कूट होतं, मग त्याचे गोळे भांड्याच्या कडेला चिकटतात. इथे बरेच जण पाणी घालतात आणि सगळं बिघडवतात. मिक्सर थांबवून कडा खरवडा आणि पुन्हा फिरवा. थोड्या वेळाने दाण्याचं तेल सुटतं आणि गोळा आपोआप सैल होतो. बदामाचंही असंच होतं, फक्त धीर जास्त लागतो. विकतचं बटर घेणार असाल तर डब्यामागचे घटक वाचा: दाणे आणि फार तर मीठ. साखर किंवा पामतेल दिसलं तर डबा परत ठेवा.

बदामाची जागा बेकिंगमध्ये. त्याच्या पिठात ग्लूटेन नसतं, केक ओलसर होतो, पण रंग पटकन चढतो म्हणून भट्टीचं तापमान थोडं कमी ठेवावं. विकतच्या बदाम दुधाकडे मात्र प्रथिनांचा स्रोत म्हणून अजिबात पाहू नका. ते बहुतांशी पाणी असतं आणि पेलाभर दुधात प्रथिनं एखादाच ग्रॅम.

आता शेंगदाण्याची काळी बाजू. दमट जागी त्यावर बुरशी येते आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकतं. भाजल्याने ते पूर्ण जात नाही. सुरकुतलेले, काळपट, कडवट लागणारे दाणे निवडून टाका. एखादा कडू दाणा तोंडात आला तर थुंकून द्या. दोन्ही वस्तू हवाबंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवाव्यात. जास्त दिवस ठेवायच्या तर फ्रीजमध्ये, नाहीतर तेल खवट होतं.

ऑक्झलेटचे मूतखडे होत असतील तर बदाम बेताने खा, त्यात ऑक्झलेट भरपूर असतं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्याने बदाम सुरक्षित मानून डॉक्टरांना न विचारता खाऊ नयेत, कारण काहींना दोन्हींची असते. पाच वर्षांखालच्या मुलांना दोन्हींपैकी कशाचाही अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. बारीक कूट किंवा पातळ केलेलं बटर चालतं.

महिन्याच्या सामानात एकच घ्यायचं असेल तर माझं मत शेंगदाण्याला. दोन्ही परवडत असतील तर प्रथिनांसाठी आणि स्वयंपाकासाठी शेंगदाणे आणि मधल्या वेळच्या खाण्याला मूठभर बदाम.