गार्मिन झूमो एक्सटी: युनिट उत्तम, पण खरी परीक्षा माउंट आणि वायरिंगची

रस्ता पाहायला मोबाइल बाइकच्या हँडलवर अडकवून पावसाळ्यात ताम्हिणी घाटात शिरलं, की रेंज जाते आणि स्क्रीनवर पडणारे थेंब बोटाचं काम करू लागतात. नकाशा भलतीकडेच सरकतो, झूम होतो, मधूनच बंद पडतो. चार्जिंग पोर्टमध्ये पाणी गेलं की फोन चार्ज व्हायचाही थांबतो. शिवाय इंजिनच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडू शकतं, हे ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. हिमालयनच्या ४११ सीसीच्या एका सिलिंडरचे हादरे काही कमी नसतात. रॉयल एनफिल्डचा ट्रिपर डायल (मीटरशेजारचा रस्ता दाखवणारा छोटा गोल स्क्रीन) छान दिसतो, पण बाणाशिवाय फारसं काही दाखवत नाही आणि खिशातल्या फोनशिवाय त्याचं पान हलत नाही. म्हणून हिमालयन ४११ वर लांबच्या प्रवासाला वेगळं जीपीएस युनिट लावावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातही गार्मिनचं बाइकसाठीचं झूमो एक्सटी.

स्क्रीन ५.५ इंची आणि इतकी प्रखर, की मे महिन्यातल्या भर दुपारीही वाचता येते. ग्लोव्ह्ज घालून टच चालतो. कंपनीच्या आकड्यांनुसार बॅटरी साधारण ६ तास, ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर साडेतीन. म्हणजे दिवसभराच्या राइडला गाडीची पॉवर लागणारच. पाण्यासाठी रेटिंग आयपीएक्स ७ आहे. १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा त्याचा अर्थ. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनची हमी त्यात नाही. गाडी धुवायला देताना युनिट काढून घ्या.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: नकाशा. परदेशातून मागवलेल्या युनिटमध्ये युरोप किंवा अमेरिकेचा सविस्तर नकाशा असतो आणि भारताच्या जागी जेमतेम हायवे दिसतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावरून बनवलेली गार्मिनसाठीची आयएमजी फाइल मेमरी कार्डवर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की काम होतं. वाड्यावस्त्यांचे कच्चे रस्ते त्यात बरेच सापडतात. पत्ता शोधण्यात मात्र हे नकाशे कच्चे आहेत. हॉटेलचं नाव टाकून भागत नाही. मुक्कामाची ठिकाणं आदल्या रात्रीच पॉइंट म्हणून सेव्ह करून ठेवावीत.

आता माउंट. रॅम कंपनीची १ इंची बॉलची पद्धत सर्वांत भरवशाची: हँडलवर आवळलेला बेस, त्यावर रबरी बॉल आणि बॉलला पकडून युनिट धरणारा आर्म. बेसचा यू-बोल्ट मागवण्यापूर्वी हँडलवर व्हर्नियर लावून जाडी मोजा. साधं हँडल २२ मिमीचं असतं, त्याला अर्धा ते १ इंच जाडीच्या नळीसाठीचा बेस बसतो. जाड हँडल मध्यभागी २८.६ मिमीचं असतं, त्यावर हा बेस चढतच नाही. त्याला मोठा यू-बोल्ट लागतो. बेसखाली जुन्या ट्यूबची पट्टी घाला, म्हणजे तो फिरत नाही आणि पेंटही वाचतो. नट दोन्ही बाजूंनी आलटूनपालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी टाइट केली की बेस तिरका बसतो आणि पहिल्या खराब रस्त्यावर ढिला होतो.

आर्म आखूडच घ्या. लांब आर्मवर स्क्रीन डोळ्यांजवळ येते हे खरं, पण ती इतकी थरथरते की अक्षरं दोन-दोन दिसतात. बॉलच्या रबराला तेल किंवा गंजरोधक स्प्रे अजिबात लागू देऊ नका, पकड जाते आणि युनिट हळूहळू मान टाकतं.

बहुतेक लोक फसतात ते वायरिंगमध्ये. क्रेडलची, म्हणजे युनिट ज्यात बसतं त्या खोबणीची, वायर थेट बॅटरीला जोडली की किल्ली बंद असतानाही थोडा करंट जात राहतो. तो २० मिलिअँप जरी धरला, तरी दिवसाला जवळपास अर्धा एएच (अँपिअर-तास) होतो. ८ एएचची बॅटरी आठवड्याभरात जवळपास अर्धी रिकामी! आणि हिमालयनला किक नाही. उपाय चार पिनांचा रिले, म्हणजे किल्लीबरोबर आपोआप चालू-बंद होणारा स्विच. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, ८७ वरून क्रेडल, ८५ अर्थ आणि ८६ ला पार्किंग लाइटची वायर. मल्टिमीटरने खात्री करा: किल्ली चालू केल्यावर १२ व्होल्टच्या आसपास, बंद केल्यावर शून्य. नुसत्या जीपीएसला रिले लागतोच असं नाही, पण पुढे यूएसबी चार्जर जोडायचा असेल तर ही मेहनत वाया जात नाही.

रिलेच्या लाइनला ५ अँपचा फ्यूज घाला, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. त्याआधीची वायर कुठे घासली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. क्रेडलच्या वायरीवरचा फ्यूज कापून टाकू नका. वायरी नुसत्या पिळून टेप गुंडाळणं पहिल्या पावसापर्यंतच टिकतं. थिंबल (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आक्रसणारी नळी) चढवा. हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणते का, क्लच केबलला घासते का ते पाहा आणि मगच झिप टाय आवळा.

क्रेडलमधल्या छोट्या स्प्रिंगच्या पिना नीट पाहा. कोकणात दोन पावसाळे काढले की त्यांच्यावर हिरवट थर चढतो आणि युनिट चालता चालता ‘पॉवर गेली’ म्हणू लागतं. लोक युनिट बिघडलं म्हणून सर्व्हिसला पाठवतात, दोष मात्र पिनांचा असतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने पिना साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहून नेणारं, ओल अडवणारं ग्रीस) अगदी पातळ हात फिरवा.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर यू-बोल्टचे नट पुन्हा तपासा आणि नट व बेस दोन्हींवरून पेंट मार्करची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली, की नट फिरलाय.