बेसबॉलच्या पैजा कागदावर: सात महिने वही वापरल्यानंतर

एक दोनशे पानी वही, एक पेन आणि कागदावरचे 10,000 रुपये. 27 मार्च 2025 पासून वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम फेरीच्या, शेवटच्या सामन्यापर्यंत मी एवढंच वापरलं. खरा रुपया एकही लावला नाही. बेसबॉलच्या पैजांच्या नादी लागलेल्या नवख्याने आधी काय करावं असं कोणी विचारलं, तर मी ही वहीच पुढे करेन.

सुरुवात भाच्यामुळे झाली. तो रत्नागिरीला नोकरी करतो. त्याआधीच्या हिवाळ्यात कळलं की एका परदेशी साइटवर त्याने 18,000 घालवले आहेत. देवगडला आला तेव्हा म्हणाला, "मामा, आता माका खेळ कळता, सगळे भरून काढतंय." मी म्हटलं, "कळता तर लिवन दाखय." ठरलं असं की अख्खा सीझन दोघांनी वहीत खेळायचा, प्रत्येक नोंद म्हणजे 100 ची एक कागदी पैज, भांडवलाचा एक टक्का. त्याने ते मान्य केलं याचं मला आजही बरं वाटतं. आमच्या घराने मटक्यात एक माणूस खचताना पाहिला आहे. मटका सुरू झाला तोसुद्धा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर. तिकडचे आकडे आणि इकडची घरं, हे नातं जुनंच आहे.

वेळ आमच्या सोयीची निघाली. न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, लॉस एंजेलिसचा सकाळी पावणेआठच्या सुमारास. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या भरायला पहाटे उठावंच लागतं. पेंढा अंथरताना मोबाइल बाजूला उभा करून ठेवायचा.

आता भाव. अमेरिकेत भाव वजा-अधिकात लिहितात. -150 म्हणजे 150 लावले तर 100 सुटतात, +130 म्हणजे 100 लावले तर 130. नवखा फक्त कोण जिंकेल हे बघतो. पण -150 ला पैसे निघायला तो संघ शंभरातून 60 वेळा जिंकायला हवा, आणि त्याच सामन्यातल्या समोरच्या संघाच्या +130 ला साडेत्रेचाळीस वेळा पुरतात. दोन्ही मिळून होतात शंभरापेक्षा साडेतीन जास्त. ही वरची साडेतीन म्हणजे पैज घेणाऱ्याची अडत. वाशीला माल पाठवणाऱ्याला अडत समजावून सांगावी लागत नाही, पण मोबाइलवर ती कुठे छापलेली नसते.

माझा हिशेब उघड सांगतो. 212 नोंदी, 118 बरोबर, 94 चूक. म्हणजे जवळजवळ 56 टक्के अंदाज खरे ठरले. आणि वहीत 10,000 चे 8,467 उरले. कारण मी बहुतेक वेळा -150 च्या आसपासचे आवडते संघ, म्हणजे जिंकतील असं बाजार मानतो ते, धरत होतो. हे गणित जूनमध्ये पहिल्यांदा मांडलं तेव्हा बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि मी बॅटरीच्या उजेडात तीनदा बेरीज केली. अंदाज खरे आणि पैसे उणे, हे स्वतःच्या अक्षरात दिसल्याशिवाय पटत नाही.

या खेळात आवडता संघ फार हरतो. 2025 मध्ये सर्वाधिक 97 सामने जिंकणारे मिलवॉकी ब्रुअर्स 65 सामने हरले. 119 हरणारे कोलोराडो रॉकीज तरी 43 जिंकले. 162 सामन्यांच्या सीझनमध्ये एका दिवसाच्या निकालाला फार किंमत देऊ नये.

म्हणून वहीत जुलैपासून एक रकाना वाढवला आणि सगळी वही त्यानेच सुधारली: भाव बघण्याआधी संघ जिंकण्याचा स्वतःचा टक्का लिहायचा. भाव आधी पाहिला की मन त्याच्याच मागे जातं. बागायतदार मोहोर बघतो, फांद्या हलवून बघतो, मग आकडा बोलतो. समोरच्याचा आकडा ऐकून मोहोर मोजत नाही. माझा टक्का भावातल्या टक्क्यापेक्षा जास्त असेल तरच नोंद. आठवड्याला दहा नोंदी होत, त्या तीनवर आल्या. त्यातून फायदा झाला असा दावा करणार नाही, एवढ्या थोड्या नोंदींवरून ते ठरत नाही. पण "आज काहीतरी लावायलाच हवं" ही भूक गेली.

टक्का लिहिताना काय बघायचं? आधी सुरुवातीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. पण नवखा तिथेच थांबतो. हल्ली तो नऊपैकी बहुधा पाच-सहा इनिंग टाकतो, पुढचा सामना बुलपेनच्या, म्हणजे राखीव पिचरांच्या हाती. आदल्या दोन दिवसांत तेच गडी दमले असतील तर चांगल्या पिचरची आघाडी आठव्या इनिंगमध्ये जाते. माझ्या वहीत अशा हरलेल्या नोंदींपुढे लाल फुली आहे आणि फुल्या बऱ्याच आहेत. सामन्याच्या तासभर आधी पिचर बदलला तर नोंद रद्द करायची हा नियमही एका चुकीनंतर लिहिला.

मग मैदान. डेन्व्हरचं कूर्स फील्ड सुमारे 5,200 फुटांवर, हवा विरळ, चेंडू लांब जातो, धावा जास्त. शिकागोच्या रिगली फील्डवर तळ्याकडून वारा आत आला तर षटकारासारखे फटके मैदानातच पडतात, बाहेर वाहिला तर उलट. खारा वारा आणि मतलई वारा ओळखणाऱ्या आमच्या माणसांना हे लगेच कळतं. भाचा सर्वांत चटकन हेच शिकला.

रन लाइनपासून, म्हणजे दीड धावेच्या फरकाच्या पैजेपासून (आवडता संघ किमान दोन धावांनी जिंकायला हवा), नवख्याने लांब राहावं. घरचा संघ पुढे असेल तर नवव्या इनिंगमध्ये तो बॅटिंग करतच नाही, म्हणजे फरक वाढवायची एक संधी कमी. तीन सामन्यांची एकत्र मोट, म्हणजे तिन्ही खरे ठरले तरच पैसे, ती तर नकोच: प्रत्येकी 58 टक्के शक्यता धरली तरी तिन्ही खरे व्हायची शक्यता विसाच्या आत.

वहीच्या उणिवा आहेत. खरे पैसे गेल्यावर पोटात जो गोळा येतो तो कागदावर येत नाही. तरी मे महिन्यात सलग चार नोंदी हरल्यावर माझा हात 300 लिहून गेला. कागदाच्या पैशांसाठी! ती नोंद खोडून 100 केली, पण खोडलेला आकडा मुद्दाम दिसू दिला आहे. दुसरं, खंड पडतो. गणपतीत दहा दिवस वही उघडली नाही. 31 जुलैच्या मुदतीत खेळाडूंच्या अदलाबदली झालेल्या, सप्टेंबरपासून संघात 26 ऐवजी 28 खेळाडू, त्यामुळे जुने टक्के निरुपयोगी झाले होते.

ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. भाच्याची ती साइट उघडेनाशी झाली, त्यात अडकलेले साडेचार हजार परत आले नाहीत. खरे पैसे लावायचा प्रश्न आपल्याकडे तिथेच मिटला. वही मात्र दोघांचीही चालू राहिली.

28 ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना पहाटे सुरू झाला आणि 18 इनिंग चालला. फ्रेडी फ्रीमनच्या होमरनवर, म्हणजे षटकारासारख्या फटक्यावर, लॉस एंजेलिसचे डॉजर्स 6-5 ने जिंकले तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते. भाचा रजा काढून आला होता. त्या सामन्याची नोंद आम्ही दोघांनीही केली नव्हती, आणि तरी दोघंही जागचे हललो नाही.

त्याआधीच, दिवाळीत, त्याने नव्या सीझनची वही आखून आणली होती. भावाचा रकाना त्याने पानाच्या शेवटी ठेवला आहे आणि त्याच्यावर दुमडून झाकायला कागदाची पट्टी चिकटवली आहे.