ऑक्टाव्हिया व्हीआरएस देऊन स्विफ्ट घेतली: आंब्याचा एक हंगाम आणि एक पावसाळा झाल्यावर

दोनशे तीस अश्वशक्तीची गाडी विकून ब्याऐंशीची घेतली म्हटल्यावर लोक आधी हळू आवाजात विचारतात, सगळं बरं चाललंय ना? बरं चाललंय. कलमं जागेवर आहेत, कर्ज नाही. २०१७ साली आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० दिली आणि मारुतीची नवी स्विफ्ट घेतली, पेट्रोल, मॅन्युअल, झेडएक्सआय मॉडेल. गाडी दिवाळीत दारात आली. मधे आंबा झाला, आता पावसाळा संपत आलाय. कोकणात गाडीचं जे काही पाहायचं असतं ते पाहून झालंय, म्हणून हे लिहितोय.

जुन्या गाडीला नावं ठेवायची नाहीत. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३५० न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत, असं कंपनी सांगायची आणि ते खोटं वाटायचं नाही. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना समोर चिऱ्यांचा ट्रक असावा, एक सरळ तुकडा मिळावा आणि पाय नुसता टेकवावा, की ट्रक आरशात. हे सुख खरंच होतं. पण माझं राहणं रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला. भाट्याचा पूल, गोळप, पावस, फार तर पूर्णगड, आडिवरे. या रस्त्यांवर दर दोन वळणांनी एसटी, मधे गुरं, मोरीजवळ खचलेली कड आणि वाडी आली की दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. तिथे २३० आहेत की ८२, हे गाडीलासुद्धा कळत नाही.

खरी अडचण ताकदीची नव्हतीच. अडचण होती लांबीची आणि उंचीची. व्हीआरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षाही थोडी खाली बसवलेली, चाकांमधलं अंतर मोठं आणि टायर कमी जाडीचे. गावोगावी हौसेने घातलेल्या गतिरोधकांवर पोट घासणार हे ठरलेलं. त्याहून वाईट म्हणजे खाडीतली फेरीबोट. जयगडहून तवसाळला जाताना ओहोटी असली की धक्क्याचा उतार आणि बोटीचा रॅम्प यांच्यात असा कोन होतो की पुढचा बंपर खाली टेकायचाच. बोटीवरचा पोरगा ओरडतोय, "दादा, तिरकी घ्या, तिरकी!", मागच्या बाइकवाल्यांचा हॉर्न चालू, ही आधीच उतरून कडेला उभी, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून इंचाइंचाने गाडी पुढे घेतोय. शेवाळलेल्या सिमेंटवर पुढचं चाक एकदा सुटलं की पोटात गोळा. दोन-तीनदा असं झाल्यावर मी फेरी सोडून दिली. गुहागरला जायचं तर चिपळूणचा वळसा. आणि वळसा नको असेल तर जायचंच नाही. बहुतेक वेळा जायचंच नाही.

स्विफ्ट जवळजवळ ८० सेंटिमीटरने आखूड आहे, वजनाला सुमारे पाचशे किलोंनी हलकी, आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, १६३ मिलिमीटर. आकडा फार मोठा नाही, पण चाकांमधलं अंतर कमी असल्यामुळे पोट टेकत नाही. ती फेरीत सरळ चढते. ४.८ मीटरच्या त्रिज्येत वळते, त्यामुळे मावशीच्या वाडीत शेवटच्या खळ्यापर्यंत नेऊन तिथेच फिरवता येते. पूर्वी गाडी देवळाजवळ लावून पाखाडीने चालत जायचो. मावशीला वाटायचं, मोठ्या गाडीला जपतोय. जपतच होतो.

आता पेट्रोल, कारण सगळे तेच विचारतात. व्हीआरएस किनाऱ्याच्या रस्त्यांवर लिटरला नऊ-दहा द्यायची. हायवेला शांतपणे चालवली तर तेरा, पण शांतपणे चालवायला ती घेतली कोणी होती? स्विफ्टचा कागदावरचा आकडा २४.८ आहे. मला चढ-उताराच्या या रस्त्यांवर एकोणीस-वीस मिळतात, महामार्गाच्या काँक्रीटवर ऐंशी-नव्वदने गेलो तर बावीस-तेवीस. पावसाळ्यात एसी आणि काचेवरची वाफ घालवण्याचा फॅन सतत चालू असतो, तेव्हा अठराच धरा. पंपावर आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे अशा मिसळीचा थोडाफार फटका कुठल्याही गाडीला बसणार. नवी गाडी निदान त्याच पेट्रोलसाठी बनवलेली आहे, जुनीबद्दल ती खात्री नव्हती.

म्हणजे बिल निम्मं व्हायला हवं. झालं नाही. महिन्याचा पेट्रोलचा खर्च पाव-एक भागाने उतरला, बस. कारण फिरणं वाढलं. आरे-वारेवरून गणपतीपुळं, तिथून जयगड, पलीकडे वेळणेश्वर, कधी धोपाव्याहून दाभोळला उतरून थेट दापोलीपर्यंत. कशेळीला सूर्यनारायणाच्या देवळात आईला नेऊन आणणं तर आता भाजी आणण्याइतकं सोपं झालंय. खर्चाच्या तक्त्यात हे सगळं तोट्यात जमा होतं, पण मला विचाराल तर अदलाबदलीत मिळालं ते हेच. बचत व्हायची ती दुसरीकडे झाली. स्विफ्टच्या टायरची किंमत विचारून मी शोरूममध्ये पुन्हा विचारलं, चारही टायरची सांगताय की एकाची? विम्यातल्या थर्ड पार्टीचा हप्ता १५०० सीसीवरच्या गाडीला ७,८९७ रुपये होता, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, जीएसटी वेगळा. आणि सर्व्हिसिंगसाठी घाट चढून जायला लागत नाही. जुन्या गाडीचा एक साधा सेन्सर यायला इतके आठवडे लागले होते की तोवर मी स्कूटरवर फिरून काळा झालो.

पावसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मला स्वतःला आश्चर्य वाटलं. आमच्या घराकडे उतरणारी घाटी जांभ्याची आहे, वर पातळ डांबर, तेही कडेला उखडलेलं. जुलैपर्यंत तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं. व्हीआरएस तिथे पहिल्या गिअरमध्ये चाकं नुसती फिरवायची. टॉर्क आला की रबर सुटलंच, मग ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकत राहायचा. स्विफ्टला तळापासून थोडी धाव घेऊन दुसऱ्यात टाकली की ११२ न्यूटन मीटर कसेबसे पुरतात आणि चाक सुटत नाही. मधे थांबावं लागलं, समोरून कोणी उतरत असलं, तर मात्र चढावर गाडी मागे सरकू न देणारं हिल होल्ड असूनही पहिल्यात क्लच जरा भाजतो, वास येतो. म्हणून वर हॉर्न वाजवून कोणी नाही ना हे बघायचं आणि मगच निघायचं. खालून येणाऱ्याला वाट द्यायची, ही आमच्या वाडीची जुनी रीत आता मला फार पटते.

वाऱ्याचा त्रास आहे. सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळी पठारावरून, जाताना आषाढातला वारा आडवा येतो तेव्हा हलकी गाडी हातभर सरकल्यासारखी वाटते. स्टीअरिंगही हलकं आहे, व्हीआरएसचं कसं हाताला रस्ता सांगायचं, ते इथे नाही. तीन सिलिंडरचं इंजिन सिग्नलला उभं असताना सीटमधून जाणवतं. काँक्रीटवर टायरचा आवाज आत येतो. दार लावलं की कळतं कुठला पत्रा जाड होता. सहा एअरबॅग आणि गाडी घसरताना सावरणारी ईएसपी यंत्रणा आहे म्हणून जिवाला बरं वाटतं, पण मोठ्या गाडीत बसल्यावर जे निर्धास्तपण यायचं ते येत नाही, उगाच कशाला खोटं बोलू.

आंबा घाटात आता ट्रकच्या मागे राहतो. तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून, इंजिन ओरडवून ओव्हरटेक होतो, पण तो आधीपासून मनात जुळवावा लागतो. चार माणसं आणि सामान असलं तर जुळवतच नाही. मलकापूरला वडापाव खाताना मुलगा म्हणाला, "बाबा, आज एकालाही नाही काढलं." उतरताना मात्र ही गाडी आवडते. दुसऱ्या गिअरवर धरून सोडली की ब्रेकला फारसं काम उरत नाही, खाली पोचल्यावर चाकांपाशी जळका वास नसतो.

सर्वात जास्त अडलं ते हंगामात. ऑक्टाव्हियाची डिकी ५९० लिटरची, सीट पाडली की तिच्यात लाकडी पेट्या थरावर थर बसायच्या. स्विफ्टची २६५ लिटरची आणि तोंड उंचावर, त्यामुळे पेटी आधी छातीपर्यंत उचलायची, मग आत सोडायची. कंबर बोलायला लागली. मागची सीट पाडून, खाली गोणपाट टाकून, पुठ्ठ्याचे बॉक्स नीट रचले तर नेहमीच्या गिऱ्हाइकांपुरता माल निघतो, त्यापुढे टेम्पो सांगावाच लागतो. टेम्पोचं भाडं मी वरच्या बचतीत धरलेलं नाही, धरलं तर ती आणखी उतरेल. बागायतदाराने ही गाडी घेताना डिकी आपल्या पेटीने मोजूनच घ्यावी, शोरूममध्ये पेटी नेली म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

सीएनजी का नाही घेतली, हेही बरेच जण विचारतात. किलोला ३२.८५ किलोमीटर हा आकडा मोहात पाडणारा आहेच. पण त्यात ताकद सत्तरवर येते, ती आमच्या घाटीला पुरेल असं मला वाटत नाही. सिलिंडर डिकीतच बसतो, म्हणजे उरलीसुरली जागाही गेली. आणि गणपतीच्या आधल्या आठवड्यात महामार्गावरच्या सीएनजी पंपाची रांग कुठवर जाते, ते मुंबईहून येणाऱ्या कुठल्याही चाकरमान्याला विचारा.