एंडनोटच्या जोडीला सुमात्रा आणि ओक्युलर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेले नऊ महिने मी संदर्भांच्या नोंदी एंडनोट या संदर्भ-व्यवस्थापनाच्या मालकीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते आणि लेखांचे वाचन मात्र मुक्तस्रोत (ज्यांची मूळ संहिता सर्वांना खुली असते अशा) पीडीएफ-वाचक प्रोग्रॅममध्ये करते: महाविद्यालयात सुमात्रा पीडीएफ आणि घरी ओक्युलर. माझा विषय पश्चिम घाटातील देवराया हा असून संग्रहात आजमितीस सुमारे सहाशे लेख आहेत. एंडनोट घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न माझ्यापुढे नव्हताच, कारण माझे मार्गदर्शक आणि सहलेखक त्यातच काम करतात. वाचन कशात करायचे हे तेवढे माझ्या हाती होते. एंडनोट विंडोज आणि मॅकवर चालते, लिनक्सवर चालत नाही, आणि माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स आहे. महाविद्यालयातील संगणक जुना आहे आणि त्यावर नवे काही बसवायची परवानगी आम्हाला नाही. सुमात्राची न बसवता चालणारी आवृत्ती तिथे उपयोगी पडली.

हा मेळ टिकतो तो एका गोष्टीमुळे: आपण केलेल्या खुणा आणि टिपा कोठे साठतात. सुमात्रात ३.३ या आवृत्तीपासून मजकूर निवडून ‘ए’ ही कळ दाबली की तो रंगवला जातो, आणि साठवल्यावर ती खूण पीडीएफच्या फाइलमध्येच लिहिली जाते. ओक्युलरमध्येही साठवा म्हटले की टीप त्याच फाइलमध्ये जाते. त्यामुळे महाविद्यालयात पिवळी केलेली ओळ घरी पिवळीच दिसते, आणि एंडनोटमधून तीच फाइल उघडली तरी दिसते. याउलट मेंडेली आणि झोटेरो या एंडनोटसारख्याच प्रोग्रॅमांच्या स्वतःच्या पीडीएफ-वाचकात केलेल्या खुणा मूळ फाइलमध्ये न जाता त्यांच्या विदागारात (डेटाबेसमध्ये) राहतात आणि बाहेर हव्या असतील तर वेगळ्याने निर्यात कराव्या लागतात. झोटेरो स्वतः मुक्तस्रोत आहे, म्हणजे हा भेद मुक्त आणि मालकीचा असा नाही. माझ्या मते साधन निवडताना परवान्याच्या आधी हा प्रश्न विचारावा.

जोडणीसाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. विंडोजमध्ये पीडीएफसाठी सुमात्रा हा नेहमीचा प्रोग्रॅम म्हणून नेमला, की एंडनोटमधील ‘फाइल उघडा’ ही आज्ञा लेख थेट सुमात्रात उघडते. एंडनोटचा संग्रह म्हणजे एक ‘ईएनएल’ फाइल आणि तिच्याच नावाचे, ‘डेटा’ हे शेपूट असलेले फोल्डर. त्यात ‘पीडीएफ’ नावाचे फोल्डर आणि त्यात प्रत्येक लेखाचे आकडी नावाचे उपफोल्डर असते. फाइल जोडताना तिची प्रत संग्रहात घेण्याचा पर्याय चालू ठेवला तर दुवा सापेक्ष, म्हणजे संग्रहाच्या फोल्डरापासून मोजलेला, राहतो आणि संग्रह कोठेही हलवला तरी तुटत नाही. तो पर्याय बंद असेल तर संगणकावरील पूर्ण पत्ता नोंदला जातो. सुरुवातीचे काही लेख मी असे पूर्ण पत्त्याने जोडले होते. ड्राइव्हचे अक्षर बदलताच ते सगळे हरवल्यासारखे झाले आणि एकेक करून पुन्हा जोडावे लागले.

घरी नेताना एंडनोट बंद करून ‘ईएनएल’ फाइल आणि फोल्डर दोन्ही पेनड्राइव्हवर घेते. ओक्युलरमध्ये काम झाल्यावर फाइल त्याच नावाने साठवायची, ‘सेव्ह ॲज’ करायचे नाही, कारण नाव बदलले की एंडनोटला ती सापडत नाही. आपोआप समक्रमण करणाऱ्या ऑनलाइन फोल्डरात चालू संग्रह ठेवू नये, असे एंडनोटच्या मार्गदर्शिकेतच सांगितलेले आहे. मी तिथे फक्त ‘ईएनएलएक्स’ ही एकत्र बांधलेली प्रत दर शुक्रवारी ठेवते.

एक नुकसान मात्र मी स्वतःच ओढवून घेतले. एक लेख एंडनोटच्या आतल्या खिडकीत उघडा होता आणि तोच मी सुमात्रात वाचत होते. सुमात्रात अकरा खुणा करून साठवल्या, मग एंडनोटमध्ये एक छोटी टीप जोडली आणि तीही साठवली. नंतर साठवलेल्या प्रतीने आधीची पुसून टाकली. अकराच्या अकरा खुणा गेल्या. तेव्हापासून एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी उघडायचा हा नियम मी मोडलेला नाही.

मराठी लेखांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो अधिक जिव्हाळ्याचा आहे. युनिकोड ही अक्षरांच्या संकेतांची आजची सामाईक पद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या नियतकालिकांच्या पीडीएफ पडद्यावर स्वच्छ देवनागरीत दिसतात, पण अक्षरांमागची संकेतचिन्हे निराळीच असतात. अशा लेखात ‘देवराई’ शोधले तर सुमात्रालाही काही सापडत नाही आणि ओक्युलरलाही नाही. रंगवलेली ओळ उतरवून घेतली तर हाती अर्थहीन रोमन अक्षरे येतात. यात दोष या प्रोग्रॅमांचा नाही, फाइलचाच आहे. अशा फाइलवर मी ओसीआरमायपीडीएफ हे पानाच्या चित्रावरून अक्षरे ओळखणारे मुक्तस्रोत साधन मराठीसाठी चालवते आणि जुना मजकूर बाजूला सारून नव्याने अक्षरओळख करण्याची सक्ती करते. फाइल जड होते आणि जोडाक्षरांत चुका राहतात, तरी शोध चालू लागतो. शिवाय एंडनोट युनिकोड सांभाळत असल्यामुळे गावांची आणि देवतांची नावे मी विषयशब्दांच्या रकान्यात देवनागरीतच लिहिते. लेखाच्या आत शोध लागला नाही तरी नोंद सापडते. या लेखांना बहुधा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ऑनलाइन ओळखक्रमांक) नसतो, म्हणून त्यांची माहिती आपोआप भरली जात नाही, हाताने भरावी लागते. त्यात वेळ जातो, पण आपल्या भाषेतील काम संदर्भसूचीत नीट यावे यासाठी तो मी आनंदाने देते.

सर्वांत जास्त उणीव जाणवते ती नोंदीतून लेखाच्या नेमक्या पानावर जाण्याची. ‘फाइल उघडा’ म्हटले की फाइल उघडते, पण हवे ते पान आपणच गाठायचे असते. म्हणून महत्त्वाची टीप मी एंडनोटच्या ‘रिसर्च नोट्स’ या रकान्यातही लिहिते आणि पानाचे दोन्ही क्रमांक देते. देवरायांवरील गाडगीळ आणि वर्तक यांचा १९७६ सालचा लेख छापील पृष्ठ १५२ पासून सुरू होतो, आणि जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावरून उतरवलेल्या प्रतीच्या सुरुवातीला जेस्टोरचे एक पान जोडलेले असते. त्यामुळे माझ्या नोंदीत ‘छापील १५६, फाइल ६’ असे असते. कंट्रोल आणि ‘जी’ दाबून ६ लिहिले, की सुमात्रात आणि ओक्युलरमध्ये सारखेच ते पान समोर येते.