कोतवाल बुकाची नक्कल: शिक्क्याचा कागद, सहीची फाईल की मोबाइलमधला फोटो?

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा मावशीच्या घरी पलंगाखालची पत्र्याची पेटी निम्मी बुडाली. तिच्यात आजोबांच्या जन्मनोंदीची, कोतवाल बुकाची (गावच्या कोतवालाकडचं जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, त्यात जातही लिहीत) नक्कल होती. निळी शाई पसरली, घडीवर कागद सुटला; ओळखू आला तो फक्त गोल शिक्का. म्हणून जुने कागद कसे जपायचे असं कुणी विचारलं, की मी आधी विचारते: कागद कशासाठी हवाय?

जात पडताळणीसाठी हवा असेल, तर शिक्क्याची नक्कलच काढा. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या नोंदींचा मोठा आधार असतो. रेकॉर्ड रूमच्या चकरा होतात, मान्य. पण मूळ रजिस्टरचे काठही दरवर्षी झडताहेत, त्यामुळे हे काम पुढे ढकलू नका.

चालू सातबाऱ्यासाठी मात्र तलाठ्याकडे जायची गरज नाही. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो आणि कायद्याने चालतो. सही फाईलमध्ये असते, प्रिंटवर नाही. म्हणून डाउनलोड केलेली पीडीएफ जशीच्या तशी ठेवा, स्क्रीनशॉटवर भागवू नका. उणीव एकच, पण मोठी: हा उतारा आजची स्थिती सांगतो. मध्यप्रांताच्या काळची बंदोबस्त मिसल (जमीन मोजून सारा ठरवतानाची नोंद) किंवा निस्तार पत्रक (चराई, सरपण अशा गावकऱ्यांच्या सामाईक हक्कांची नोंद) त्यात सापडणार नाही.

फोटो पुरावा म्हणून सगळ्यांत कच्चा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तरीही मी फोटोला कमी लेखणार नाही. मावशीच्या नकलेचा एक जरी फोटो असता, तरी मौजा, साल आणि नोंदीचा क्रमांक हाती राहिला असता. आता मौजा ठाऊक आहे, साल नाही; एकेक रजिस्टर चाळणं सुरू आहे.

एकच काम जमणार असेल, तर आधी नक्कल काढा आणि त्याच संध्याकाळी 300 डीपीआयवर स्कॅन करा. फाईलला मौजा आणि सालाचं नाव द्या. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक अक्षरं पुसट होतात. आणि पेटी पलंगाखालून काढून माळ्यावर ठेवा.