प्रभारी की पूर्णवेळ? अचानक समोर आलेली संचालकाची खुर्ची

मोठ्या कलासंग्रहालयाचं संचालकपद ध्यानीमनी नसताना पुढ्यात येतं, तेव्हा ते बहुधा दोन रूपांत येतं. ‘नवा माणूस मिळेपर्यंत तुम्ही सांभाळा’, नाहीतर ‘पूर्ण मुदतीसाठी या’. मी दोन्ही करून पाहिलं आहे, आधी प्रभारी आणि मग पूर्णवेळ.

प्रभारीपणाची सोय खरी आहे. आपला विभाग, आपलं अर्धवट संशोधन हातचं जात नाही. काही बिघडलं तरी ‘तात्पुरते होते’ म्हणून लोक सांभाळून घेतात. पूर्णवेळ झालात की देणगीदार, गळकं छप्पर, कर्मचारी संघटना आणि तुटीचं अंदाजपत्रक एकदमच अंगावर येतं. चित्रं बघायची ती येताजाता.

तरीही मला प्रभारीपण मानवलं नाही, आणि कारण तसं क्षुल्लक आहे. दुसऱ्या एका संग्रहालयाने दोन वर्षांनंतरच्या प्रदर्शनासाठी आमच्याकडचं एक चित्र मागितलं. लाकडी फळीवरचं चित्र म्हणजे हवेतल्या आर्द्रतेचा प्रश्न आलाच. आमच्या संवर्धकाने तपासून, पेटी कशी हवी ते लिहून, होकार दिला. माझंही मत तेच होतं. विश्वस्त म्हणाले, “एवढं लांबचं नव्या संचालकांना ठरवू दे.” या धंद्यात जवळचं असं काही नसतंच, प्रदर्शनं दोन-तीन वर्षं आधी ठरतात. स्मरणपत्रं येत राहिली आणि मी प्रत्येक वेळी तेच गुळमुळीत उत्तर पाठवत राहिलो. ‘तोवर’ या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

माझा अनुभव एकाच संस्थेतला आहे, तेव्हा उलट उदाहरणंही सांगायला हवीत. फिलिप दे मोंतेबेलो १९७७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाचे हंगामी संचालक झाले, पुढच्या वर्षी कायम झाले आणि २००८ पर्यंत राहिले. २०२३ मध्ये वस्तू चोरीला गेल्याचं उघड झाल्यावर ब्रिटिश म्युझियमने मार्क जोन्स यांना हंगामी म्हणून बोलावलं; पण ते आधी लंडनचंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय चालवून आले होते. त्यांना स्वतःला सिद्ध करायचं नव्हतं. तुम्हाला असेल, तर ‘तोवर’ महागात पडतं.

अनुभव नाही म्हणून पूर्ण पदाला बिचकू नये, असं मला वाटतं. नील मॅकग्रेगर १९८७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत आले ते एका कलाविषयक मासिकाच्या संपादकपदावरून. संग्रहालय त्यांनी कधी चालवलं नव्हतं. अर्थात दुसरी बाजूही आहे. टेपेस्ट्रीचे, म्हणजे विणलेल्या चित्रपडद्यांचे, जाणकार थॉमस कॅम्पबेल विभागातून उठून थेट मेट्रोपॉलिटनचे प्रमुख झाले, आणि २०१७ मध्ये आर्थिक तुटीच्या गदारोळात त्यांना पायउतार व्हावं लागलं. म्हणून होकार देण्याआधी हिशेबाच्या वह्या मागा. चित्रांची यादी नंतर बघता येते.

प्रभारीच व्हायचं ठरलं, तर निदान दोन अधिकार लेखी घ्या. कलाकृती बाहेर देण्याघेण्याचा आणि रिकाम्या जागा भरण्याचा. मी घेतले नव्हते. कायम झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या संग्रहालयाला स्वतः पत्र लिहिलं. अगदी नम्र उत्तर आलं. त्यांची यादी केव्हाच छापायला गेली होती.