हायब्रिड थ्री डमी: मोजमापात चोख, माणूसपणात अपुरी

मराठीत आपण 'ती डमी' म्हणतो खरे, पण मोटारींच्या समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचण्यांत माणसाच्या जागी बसवली जाणारी आणि जगभर अनेक दशके वापरली गेलेली हायब्रिड थ्री ही केवळ व्याकरणापुरती स्त्रीलिंगी आहे. तिची उंची सुमारे १७५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ७८ किलो असून ही मापे त्या काळच्या मध्यम बांध्याच्या अमेरिकी पुरुषाची आहेत. जनरल मोटर्सने ती १९७६ मध्ये विकसित केली आणि १९८६ मध्ये तिला अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा नियमांत स्थान मिळाले. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणी-योजनेत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते, तेव्हा पुढच्या दोन्ही आसनांवर हीच डमी बसलेली असते. ज्या उपकरणाच्या आकड्यांवर आपण गाडीचे तारे मोजतो, त्या उपकरणाचेच परीक्षण एकदा व्हायला हवे, असे मला बरेच दिवस वाटत होते.

डमी ही माणसाची प्रतिकृती आहे, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागतो. ती मुळात मोजण्याचे साधन आहे. डोके ओतीव ॲल्युमिनियमचे असून वर विनाइलची त्वचा असते आणि डोक्याच्या गुरुत्वमध्याशी तीन दिशांचे त्वरण मोजणारे संवेदक बसवलेले असतात. मान रबर आणि ॲल्युमिनियमच्या एकावर एक चकत्यांची असून तिच्या मधून पोलादी तार जाते. छातीत पोलादी पट्ट्यांच्या सहा बरगड्या असतात आणि त्यांना आतून कंप शोषणारे द्रव्य चिकटवलेले असते. मांडीच्या हाडाच्या जागी बल मोजणारे घटक येतात. सारी धडक जेमतेम दशांश सेकंदाचा खेळ असल्यामुळे प्रत्येक संवेदकाची नोंद सेकंदाला दहा हजार वेळा किंवा त्याहून अधिक घेतली जाते.

या उपकरणाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची पुनरावृत्तीक्षमता. तोच धक्का पुन्हा दिला तर आकडा ठरलेल्या मर्यादेतच यायला हवा, आणि तसा तो येतो की नाही हे वेळोवेळी तपासावे लागते. डोके सुटे करून ३७६ मिलिमीटर उंचीवरून सपाट पोलादी पृष्ठभागावर सोडतात, तेव्हा कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या २२५ ते २७५ पट यायला हवे. छातीवर २३.४ किलोचा लोलक सेकंदाला ६.७ मीटर वेगाने आदळवतात, तेव्हा छाती ६३.५ ते ७२.६ मिलिमीटर दबली तरच ती उत्तीर्ण होते. बरगड्यांवरचे कंपशोषक द्रव्य तापमानाला फार हळवे असल्याने हे सारे २०.६ ते २२.२ अंश सेल्सिअस एवढ्या अरुंद पट्ट्यात करावे लागते. एका प्रयोगशाळेत ऐन एप्रिलमध्ये वातानुकूलन बिघडले असताना हीच चाचणी मी पाहिली आहे. डमीला कुठेही धक्का लागलेला नव्हता, तरी छातीचे आकडे मर्यादेबाहेर जात होते, आणि खोली पूर्ववत थंड होऊन डमी काही तास तशीच बसून राहिल्यावर ते निमूटपणे जागेवर आले. खरेदीदाराने डमीच्या किमतीबरोबर अशा खोलीचा आणि झिजणाऱ्या बरगड्या व त्वचा बदलण्याचा खर्चही धरावा.

आकडा मिळाला तरी त्याचा अर्थ डमी सांगत नाही. तो अर्थ माणसांच्या देहांतून आलेला आहे, आणि या तंत्राचा हा भाग मला नेहमीच अस्वस्थ करतो. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात लिस्नर, गुर्डजियन, पॅट्रिक आदी संशोधकांनी दान मिळालेल्या मृतदेहांच्या कवट्यांवर आघात करून किती त्वरण किती काळ सोसले जाते याचा आलेख मांडला. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलातील कर्नल जॉन पॉल स्टॅप हे रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेग गाठून दीड सेकंदाच्या आत थांबले, आणि त्यांच्या शरीराने गुरुत्वत्वरणाच्या ४६ पट मंदन सोसले. वेन स्टेटच्या आलेखातून पुढे डोक्याच्या इजेचा एचआयसी हा निकष घडला. त्यात सरासरी त्वरणाचा अडीचावा घात घेऊन त्याला कालावधीने गुणतात, म्हणजेच थोडा वेळ टिकलेला तीव्र धक्का हा बराच वेळ टिकलेल्या सौम्य धक्क्यापेक्षा कितीतरी महाग ठरतो. अमेरिकी नियमांत या डमीसाठी १५ मिलिसेकंदांच्या एचआयसीची मर्यादा ७०० आहे. हा आकडा इजेची शक्यता दर्शवतो. ६९० ला माणूस सुखरूप आणि ७१० ला जायबंदी, असा त्याचा अर्थ नाही.

आता उणिवा. एचआयसी फक्त सरळ रेषेतले त्वरण पाहतो. डोके गर्रकन फिरल्यामुळे मेंदूला बसणारा ताण त्याच्या हिशेबात येत नाही. छातीचे दबणे एकाच ठिकाणी, उरोस्थीपाशी म्हणजे छातीच्या मधल्या हाडापाशी, मोजले जाते. फुगलेली एअरबॅग छातीवर पसरून दाबते, तिथे हे चालून जाते. पण सीटबेल्टचा पट्टा खांद्यापासून तिरका उतरतो आणि बरगड्या त्याच्या वाटेवर कुठेही अधिक दबू शकतात. पोटाचा भाग फोमचा असून त्यात सहसा मोजणीच नसते. त्यामुळे कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडांवरून सटकून मऊ पोटात रुतला, तर ते चित्रीकरणावरून किंवा इतर नोंदींवरून ताडावे लागते. थॉर ही पुढच्या पिढीची डमी छाती चार ठिकाणी तिन्ही दिशांत मोजते, पोटही मोजते, आणि युरो एनकॅपने ती २०२० पासून समोरच्या धडकेत स्वीकारली आहे. बाजूच्या धडकेसाठी वर्ल्डसिड आणि मागून बसणाऱ्या धक्क्यातल्या मानेसाठी बायोरिड अशा वेगळ्या डमी आहेत. हायब्रिड थ्रीकडून ती कामे अपेक्षिणे हा तिच्यावर अन्याय होईल.

तिच्याविषयीची माझी खरी तक्रार मापांची आहे. या कुटुंबातील छोटी स्त्री-डमी सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीची आणि ५० किलोच्या आसपास वजनाची असून तिची रचना बव्हंशी पुरुष-डमीच लहान करून केलेली आहे. अमेरिकेच्या हिशेबात ती अगदी टोकाची लहानखुरी स्त्री होय, शंभरांतल्या पाचच जणी तिच्याहून लहान. भारतातील प्रौढ स्त्रीची सरासरी उंची मात्र १५२ सेंटिमीटरच्या आसपासच आहे. तिथली टोकाची बाई ती आपल्याकडची चारचौघींसारखी बाई, आणि उंची कमी म्हणून आसन पुढे ओढून स्टिअरिंगच्या जवळ बसणारी चालक. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात, पट्टा लावलेल्या स्त्रियांना समोरच्या धडकेत गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ७३ टक्क्यांनी अधिक आढळली होती. स्वीडनमध्ये २०२२ साली १६२ सेंटिमीटर उंचीची आणि ६२ किलो वजनाची सरासरी स्त्रीची डमी पुढे आली, पण ती मागून होणाऱ्या धडकेसाठी.

तरीही समोरच्या धडकेची चाचणी नव्याने सुरू करणाऱ्या प्रयोगशाळेला मी आधी हायब्रिड थ्रीच घ्यायला सांगेन, कारण तिच्या आकड्यांची तुलना जवळजवळ अर्ध्या शतकाच्या नोंदींशी करता येते, आणि त्यानंतर पहिली संधी मिळताच छोटी स्त्री-डमी चालकाच्या आसनावर बसवायला सांगेन. गाडी घेणाऱ्याने ताऱ्यांवर न थांबता अहवालातील रंगवलेली मानवाकृती पाहावी. संरक्षण कमी होत जाते तसे हिरव्याकडून पिवळा, नारिंगी, तपकिरी आणि लाल असे रंग उतरत जातात. डोके बहुधा हिरवे असते. चालकाच्या छातीचा रंग मात्र शेजारच्या प्रवाशाच्या छातीपेक्षा वेगळा निघू शकतो, आणि घरात गाडी कोण चालवणार आहे हे लक्षात ठेवून तो रंग वाचावा.